सुताने बांधलेल्या जोड्या

पुरातत्त्व संस्थेचं पत्र आलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. कुरियरवाल्याच्या कागदावर सही केली, लिफाफा फोडला आणि पहिल्याच वाक्याला डोकं सणकलं. ‘आपल्या ताब्यात असलेले संस्थेच्या मालकीचे आरेखन-साहित्य पंधरा दिवसांत जमा करावे, अन्यथा पुढील कार्यवाही करणे भाग पडेल.’ ताब्यात म्हणे. बत्तीस वर्षं मी ते साहित्य जिवापाड सांभाळलं. लालबागच्या चाळीत छप्पर गळायला लागलं की आधी ते हलवायचं, मग गाद्या. चाळ पाडली तेव्हा ट्रान्झिट कॅम्पात नेलं, तिथून टॉवरच्या सतराव्या मजल्यावर आणलं. दर वर्षी डांबरगोळ्या बदलल्या. एवढ्या वर्षांत संस्थेतल्या एकानेही फोन करून विचारलं नाही, की बाई, ते कागद आहेत का उंदरांनी खाल्ले. आणि आता एकदम कार्यवाही.

मेथी तशीच टाकून मी कपाटावरची ट्रंक खाली काढली. कागद होते तसे होते. जाड कागदांच्या तेवीस जोड्या, प्रत्येक जोडीतली चित्रं एकमेकांकडे तोंड करून ठेवलेली आणि वरून पांढऱ्या सुताने बांधलेली. सूत आता पिवळं पडलं होतं, पण गाठी आईच्याच होत्या.

हे साहित्य म्हणजे मडक्यांची चित्रं. नगरकडच्या एका गावात नदीकाठी एक टेकाड होतं. तिथे आमच्या सरांनी चार हिवाळे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची झोपड्यांची वस्ती निघाली आणि झोपड्यांच्या जमिनीखाली पुरलेली तान्ही मुलं निघाली. मूल गेलं की ती माणसं राहत्या घरातच खड्डा खणायची. दोन मोठी मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि आत मुलाला निजवायची. वरून जमीन सारवायची आणि त्याच जागेवर राहायचं, रांधायचं, जेवायचं. संस्थेत ह्या मडक्यांना दफनकुंभ म्हणत. त्या सगळ्यांची चित्रं मी काढली. त्यावर सरांचा अहवाल यायचा होता. तो बत्तीस वर्षं येतच होता.

माझं पद ड्राफ्ट्समन. बाई असले तरी ड्राफ्ट्समनच, आणि तेसुद्धा हंगामी. संस्थेच्या गिरगावातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक टेबल होतं, त्याच्या टोकाला मी बसायचे. मडकं समोर घ्यायचं. पातळ सुयांची एक फणी असते, ती मडक्याच्या अंगाला दाबली की त्याचा बाक धरते. तो बाक कागदावर उतरवायचा. चित्रातली डावी बाजू कापल्यासारखी दाखवायची, म्हणजे मातीची जाडी कळते. उजवी बाजू बाहेरून दिसते तशी. हात जरा हलला की मडक्याचा घाट बदलतो, आणि घाट बदलला की विद्वान लोक त्यावरून भलतीच भांडणं करतात. माझा हात हलत नसे.

सर हुशार होते. त्यांच्यावर माझा राग आहे तरी हे सांगते. नुसतं खापर हातात घेऊन ते भांड्याचा आकार हवेत बोटाने काढून दाखवत. पण माणूस मग्रूर. गावाहून मडकी आली तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी बांधलेली होती : खड्डा अमुक, मडकं तमुक. चित्र काढून झालं की मडकं पातळ अॅसिडमध्ये धुवायला जायचं, तिथून फळीवर, आणि चिठ्ठी कचऱ्यात. फळीवर मडकी आकारानुसार लावायची हा सरांचा हुकूम. रुंद तोंडाची एकीकडे, अरुंद तोंडाची दुसरीकडे. एका खड्ड्यातली दोन मडकी अशी दोन भिंतींना गेली. मी एकदा म्हटलं, सर, निदान कागदावर खड्ड्याचा नंबर घालू का? ते म्हणाले, खड्डे सगळे नोंदवहीत आहेत, चित्रात लुडबूड नको. ती नोंदवही त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत असायची. झोळीला कुणी हात लावायचा नाही.

हंगामी पद मार्चअखेर संपलं. पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवायची बाकी होती. सर म्हणाले, घरी ने आणि पुरं कर. तेव्हा मी धीर करून विचारलं, अहवालात माझं नाव येईल ना? सर हसले.

“शिंप्याचं नाव कपड्यावर असतं का?”

आमच्या लालबागचा शिंपीसुद्धा कॉलरच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवतो. हे उत्तर मला सुचलं ते बसस्टॉपवर आल्यावर.

घरी मी आणि आई दोघीच. वडील गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षांत गेले होते. दहा बाय बाराच्या खोलीत मी खिडकीपाशी पाट टाकून शाई फिरवायला बसले, तर आईने विचारलं, इतकी मडकी कसली? मी सांगितलं. ती चूल सोडून उठली आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, घरात असलं काही आणलं म्हणून चिडली. कोकणातल्या बाईला विटाळाचं फार.

ती चिडली नव्हती. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, बारशाच्या आधीच गेला. इतक्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. वडील आणि चाळीतले दोघे त्याला धडप्यात गुंडाळून घेऊन गेले. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून आई खोलीतच. परत आल्यावर तिने विचारलं, कुठे ठेवला? वडील म्हणाले, ‘थंय, झाडाखाली.’ कुठलं झाड, ते तिने पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ही गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली, तीही मडक्यांमुळे.

आत येऊन तिने एकेक चित्र हातात घेऊन पाहिलं. ह्या मडक्याचं जोडीदार कोणतं, ते कसं ओळखायचं, असं विचारलं. मला तेव्हा सगळ्या जोड्या तोंडपाठ होत्या, चिठ्ठ्या डोळ्यांसमोर होत्या. मी म्हटलं, सरांच्या वहीत आहे सगळं.

“खंयचा मडका खंयच्या पोराचा, ता आज तुका कळता. उद्या कोणाक कळतला?” आई म्हणाली. “दोन्ही एकत्र बांध गो. पोराक उघडा टाकू नको.”

वडिलांनी कधीतरी गिरणीतून आणलेली सुताची कांडी तिच्या डब्यात होती. मी शाई वाळवायची, जोडी सांगायची. ती दोन कागद तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि गाठ मारायची. शेवटी तेवीस झाल्या. मग मी सरांना भेटून सांगितलं, काम झालं. ते म्हणाले, ठेव तुझ्याकडेच, इथे जागा नाही, लागले की मागवून घेईन. पुढच्या दोन वर्षांत मी दोनदा विचारायला गेले. दोन्ही वेळा ‘पुढच्या वर्षी’. त्यानंतर मला परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली आणि मी ठरवलं, आता ह्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. गरज त्यांना आहे, येतील झक मारत. आई गेली, मी निवृत्त झाले, कुणी आलं नाही. आलं ते हे पत्र.

ट्रंक घरीच ठेवून मी गिरगावात गेले. अहवालाचं काम आता सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनीकडे होतं, चाळिशीची बाई, डॉक्टरेट केलेली. तिला सगळे मॅडम म्हणत म्हणून मीही मॅडम म्हणते. त्यांनी चहा मागवला, साखर किती ते विचारलं, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून अहवाल दाखवला. चित्रांच्या जागा रिकाम्या. मांडणी तीच, सरांची : रुंद तोंडाची पहिल्या पानावर, अरुंद तोंडाची शेवटच्या. आणि खाली एक ओळ, की कोणते कुंभ कोणत्या दफनातले हे आता सांगता येत नाही.

मी म्हटलं, का नाही सांगता येत? नोंदवही आहे ना.

मॅडम जरा चाचरल्या. मग म्हणाल्या, “ताई, नोंदवही ड्रॉइंग सेक्शनमध्येच हरवली ना? सर तर नेहमी तेच सांगतात. म्हणून तर इतकी वर्षं रिपोर्ट अडकला.”

ड्रॉइंग सेक्शन म्हणजे टेबलाचं टोक आणि मी. दुसरं कुणी नव्हतंच. बत्तीस वर्षं हा माणूस परिषदांतून, व्याख्यानांतून, विद्यार्थ्यांपुढे सांगत फिरत होता की मी नोंदवही हरवली. ज्या वहीला मला कधी बोट लावू दिलं नाही, ती मी हरवली. मॅडमनी प्रस्तावनाही दाखवली, सरांच्या सहीची. त्यात ते वाक्य सभ्य मराठीत लिहिलेलं होतं : ‘मूळ नोंदवही आरेखन विभागात गहाळ झाली.’ चहावर साय धरली होती. मी कप बाजूला सारला आणि मॅडमना तोंडात येईल ते बोलले. त्यांचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी बोलले.

मग सांगितलं की जोड्या माझ्याकडे आहेत. बांधलेल्या आहेत. मॅडमचा विश्वास बसला नाही. “सुताची गाठ म्हणजे पुरावा नाही ना, ताई,” असं अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, जसं काही मी गंडेदोरे घेऊन आले होते. मी विचारलं, अॅसिडमध्ये न धुतलेली मडकी आहेत का? चार होती, माळ्यावर, खोक्यात. त्यांच्या बुडांवर शाईने घातलेले मडक्यांचे नंबर मी वाचले. त्यातली दोन एका जोडीची, हे मला घरी न जाता आठवलं. म्हटलं, ही दोन टेबलावर आडवी ठेवा आणि तोंडाला तोंड लावा.

खड्ड्यात तीन हजार वर्षं पडून मडक्यांवर चुनखडीचं पांढरं कीट चढतं. सर त्याला घाण म्हणत, चित्रात काढू देत नसत. दोन्ही मडक्यांची तोंडं भिडली आणि एकावरचा पांढरा ओघळ दुसऱ्यावर थेट पुढे गेला. एकाच ओळीत, मध्ये कुठे तुटला नाही. मॅडम वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

पण मांडणी बदलायची तर सरांची संमती लागणार होती, प्रस्तावना बदलायची तरी सरांचीच. आणि मार्चअखेर छापून झालं नाही, तर छपाईचा निधी परत जाणार होता. मी म्हटलं, सरांना मी बघते.

सर दादरला राहतात, पहिल्या मजल्यावर. वय नव्वदीला टेकलेलं. दार उघडलं त्यांच्या सुनेने. तिने बजावलं, जास्त बोलू नका, त्यांना दम लागतो. मी मनात म्हटलं, लागू दे. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पायांवर शाल. मला लगेच ओळखलं. हात कापतो का गं आता, असं विचारलं. मी सांगितलं, नाही कापत. आणि सरळ विषयाला हात घातला. नोंदवही कुठे आहे?

सुनेकडे पाहून त्यांनी तिला आत जायला खुणावलं. मग खिडकीबाहेर बघत बोलले. चौथ्या हिवाळ्याच्या अगदी शेवटी गावाहून परतताना झोळी एसटीत राहिली. डेपोत जाऊन आले, पेपरात जाहिरात दिली, मिळाली नाही. म्हणजे मी घरी शाई फिरवत होते तेव्हा वही गेलेली होती. मी ‘काम झालं’ म्हणून सांगायला गेले, त्या दिवशीसुद्धा गेलेली होती.

“जोड्या माझ्याकडे होत्या, सर. त्या दिवशीही होत्या. आजही आहेत.”

हे ऐकून त्यांचा चेहरा जो झाला, तो पाहायला मी बत्तीस वर्षं थांबले होते असं मला वाटलं. पण पाहिल्यावर काही बरं वाटलं नाही. ते पुटपुटले, “मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“तुला कसं विचारणार? तुला?”

त्या दुसऱ्या ‘तुला’मध्ये सगळं आलं. ड्राफ्ट्समनला विचारायचं म्हणजे वही हरवली हे ड्राफ्ट्समनला सांगायचं. त्यापेक्षा ती ड्राफ्ट्समनने हरवली असं सांगणं सोपं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांच्या वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. तुमच्या लाजेपायी आयुष्याचं काम माळ्यावर कुजलं, असंही म्हटलं. माझं चुकलं नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. मीही पाय आपटून घरी बसले होते. एकदा जरी ट्रंक उचलून गिरगावात नेली असती, तरी हा गुंता त्याच वर्षी सुटला असता. त्यांची लाज आणि माझा ताठा, ह्यात ती पोरं अडकली.

मी म्हटलं, प्रस्तावनेतलं वाक्य काढा, आणि मडकी जोडीने छापा. दोन्ही करा.

त्यांनी पायांवरची शाल नीट केली. मग म्हणाले, “ह्या वयात मला माझ्या विद्यार्थ्यांपुढे खोटं पाडू नकोस. वाक्य राहील. दुसरं काय हवं ते माग, सही करतो.”

मी उठले. चपला पायात घातल्या. कागद माझे, ट्रंक माझी. नाही दिले तर हा म्हातारा काय करणार होता? अहवाल चित्रांवाचून छापा म्हणावं. दारापर्यंत गेलेसुद्धा. पण पोरं पुन्हा ट्रंकेत जाणार, कपाटावर, डांबरगोळ्यांत. मी सहासष्टची आहे, डावा डोळा कधीच गेला, उजव्यात मोतीबिंदू. माझ्यामागे ट्रंक उघडून कुणी गाठी सोडेल आणि रद्दीवाल्याला देईल. आईला कुठलं झाड, एवढंच हवं होतं, आणि तेवढंही तिला कुणी दिलं नाही.

परत आत आले आणि म्हटलं, प्रत्येक जोडी समोरासमोरच्या दोन पानांवर हवी. मडकी आडवी, खड्ड्यात होती तशी, तोंडं शिवणीकडे. आकारानुसार नाही. सरांनी कागद मागितला आणि लिहून दिलं. त्यांचा हात मात्र कापत होता.

पुढचे तीन दिवस मी गिरगावात स्कॅनरपाशी बसले. पहिल्याच दिवशी मॅडम कात्री घेऊन आल्या, सगळे दोरे एकदम कापून टाकू, पटकन होईल म्हणून. मी म्हटलं, कात्री ठेवा. एक जोडी सोडायची, दोन्ही कागद स्कॅन करायचे, पाठीवर पेन्सिलीने नंबर घालायचा, पुन्हा बांधायची, मग दुसरी. आईच्या गाठी इतक्या घट्ट, की नखं तुटली. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः बांधायला बसल्या. गाठ धड येत नव्हती त्यांना. मी दोनदा सोडून परत मारायला लावली.

पुस्तक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. मला एक प्रत, भेट म्हणून शिक्का मारलेली. प्रस्तावना पहिल्यांदा वाचली. ते वाक्य जागच्या जागी होतं, एक शब्दही हललेला नव्हता. त्यानंतरच्या पानावर ‘आरेखन’ म्हणून माझं नाव, एकटीचं. म्हणजे कोणता विभाग आणि त्यात कोण होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग मी चित्रांवर आले. पान उघडलं की डावीकडे एक मडकं, उजवीकडे त्याचं जोडीदार, तोंडाला तोंड, आणि मध्ये पुस्तकाची शिवण. तेवीसच्या तेवीस जोड्या मी बोट ठेवून तपासल्या. एकही चुकली नव्हती. आईच्या फोटोपुढे पुस्तक उघडं करून ठेवलं आणि रडले, ते लपवत नाही.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. पुस्तक मिळालं का, असं विचारलं.

“मिळालं.”

“तुझं नाव छापलंय. बघितलंस ना?”

“बघितलं, सर. दोनदा आलंय. एकदा काढणारी म्हणून, एकदा हरवणारी म्हणून.”

मी वाट पाहिली. म्हणाले असते चुकलं, तर मी काय केलं असतं कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, “आता काय, छापून झालं.”

“हो,” मी म्हटलं. “म्हणून तर पोरं आधी मागून घेतली.”

आणि फोन ठेवला.